पान्याच्या दगडाला तेल

माझं माहेर दुधनीच्या पल्याडचं, अगदी शिवंवरचं गाव. अर्धं गाव मराठीत भांडनार आन् अर्धं कानडीत, आमच्या घरात कानडीच, माझी मराठी ही बाजारातली, सोलापुरात येऊन शिकलेली, तवा बोलताना काय वाकडंतिकडं झालं तर ल्हिताना सरळ करत बसू नका ताई, हाय तसं ऱ्हाऊ द्या. नाव म्हादेवी. लगीन करून हितं आले त्याला किती वर्सं झाली ते पोरी मोजतात, मी न्हाय मोजत. दोन पोरी हायत, एक पुन्याला दिली, एक अक्कलकोटला, बरं चाललंय दोगींचं.

आता तुमी धारवाली बाई बगायला आलाय म्हनल्यावर आदी सांगून टाकते, मी धारवाली न्हवतेच ओ. मी बिड्या वळायची. साखर पेठेत आमच्या गल्लीत सगळ्या तेलगू बाया, दारात बसायचं, मांडीवर सूप, पानं भिजवलेली, कात्रीनं कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, सकाळधरनं दिवस मावळंपातूर ह्येच. आन् त्या कामात सगळं कात्रीवर हाय बगा. पान ओलं असतंय, मऊ, कात्री बोथट असली की ते कापत न्हाय, फाटतंय, आन् फाटक्या पानाची बिडी कारखान्यात घेत न्हाईत, तुमच्या डोळ्यासमोर काढून बाजूला टाकतात, गेली मेहनत. आन् आंगठा तर इचारूच नका. बोथट कात्रीनं दिवसभर पानं कापली की संध्याकाळी पान्याचा तांब्या उचलत न्हाय हातानं. धार म्हंजे काय ते मला माज्या आंगठ्यानं शिकवलंय, दुसऱ्या कुनी न्हाय.

आमच्या ह्यांची धार लावायची टपरी, हीच, पत्र्याची, बाजाराच्या तोंडाला. मशिनचं चाक लावून ठिनग्या उडवनारे लई हायत, पन ह्ये कात्रीला कदी चाक लावायचे न्हाईत. चाकावर कात्री तापती, तिचं पानी, म्हंजे पोलादाचा कडकपना, उतरतंय, आट दिसात परत बोथट, म्हनायचे. ह्यांचा सगळा कारभार एका दगडावर. वीतभर लांब, करड्या रंगाचा, त्यांच्या वस्तादानं जाताना दिलेला. पान्याचा दगड म्हंजे त्याच्यावर पानी टाकूनच घासायचं, तेलाचा दगड येगळा असतो. त्या दगडाचं कवतिक तुमाला काय सांगू! सकाळी बादलीत भिजत घालायचे, बुडबुडे यायचे थांबले की म्हनायचे आता प्याला पोटभर. काम झालं की लोखंडाचा काळा चिखल बसतो त्याच्यावर, तो नारळाच्या शेंडीनं धुवायचे, मग सावलीत उभा करून ठिवायचे. आन् सोलापुरात पानी कसं येतं तुमाला म्हायतीच हाय की, पाच दिसाआड, कदी सा दिसाआड. मी हिकडं बॅरलच्या तळाला तांब्या खरवडायची आन् ह्ये कॅन भरून टपरीवर न्यायचे. मी म्हनायची, बायको बिनआंघोळीची चाललं, दगडाला रोज आंघोळ पायजे व्हय? ह्ये हासायचे नुसते.

मग एक दिवस सकाळी चहा पिता पिता कप हातातनं पडला. मी वरडले, अवो कप फोडला की, आन् बगते तर तोंड एका बाजूला गेलेलं. अंगावरनं वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय थोडा गेला, आन् बोलनं तर सगळंच गेलं. दवाखाना झाला, मालिश झाली, पाय जरा सुदरला, हात काय उचलंना. दोन म्हैन्यानं एकेक शब्द यायला लागला तर तो कानडी. नीरु, म्हंजे पानी. बेडा, म्हंजे नको. सगळ्यात जास्त बेडाच. जेवता का, बेडा. पोरींना फोन लावू का, बेडा. ज्या मानसाच्या हातानं निम्म्या सोलापूरच्या कात्र्या चालल्या तो मानूस भिताडाकडं तोंड करून पडलेला, मला बगवायचं न्हाय ओ. मी मोरीत जाऊन रडायची, तोंड धुवून भाईर यायची.

टपरी बंद. गल्लीतल्या बाया दारात येऊन इचारायच्या, कदी उघडनार. टपरीच्या शेजारी मोबाईलची कव्हरं इकनारा बसतो, मानूस वाईट न्हाय, पन त्याचं लक्ष आमच्या जागेवर. घरी आला, ह्यांच्या पायाशी बसला, म्हनला, काका, भाड्यानं द्या मला, बसल्या जागी म्हैन्याला पैसे येतील. ह्यांनी हो म्हनून मान हलवली. आन् मला काय झालं काय की, मी मधीच म्हनले, टपरी चालू होनार हाय, मी बसनार हाय. तो बगतोय, ह्ये बगतायत, आन् मलाबी माझंच नवल वाटालंय. पन तोंडातनं गेलं ते गेलं. दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं.

येत हुतं का मला? थोडं येत हुतं. डबा घिऊन जायची तवा बसून बगायची, माझी सोताची कात्री मीच लावायची, कात्रीला भाईरनं उतार द्यायचा आन् आतल्या अंगाला नुसता दगडावर टेकवायचा, जास्त घासलं की दोन पाती एकमेकीला धरत न्हाईत, येवढं म्हायती हुतं. पयल्या म्हैन्यात दोन कात्र्या बिगडवल्या, भरून दिल्या. मग हात बसला. चार म्हैन्यात बाया यायला लागल्या, त्यातली म्होरकी आमची नरसम्मा, आमच्या बोळातली, वयानं माज्यापेक्षा मोठी, तोंडानं तर लईच मोठी. ती म्हनली, जमतंय गं तुला. नरसम्मानं जमतंय म्हनलं म्हंजे सगळ्या गल्लीनं म्हनलं.

आन् मग आली खंडेनवमी.

हत्यारांची पूजा की त्या दिवशी. मी दरसालची घरातली, इळी पुजायची, कात्री पुजायची, टपरीवरची पूजा ह्ये करायचे, मी कदी बगितलीच न्हवती. औंदा टपरीबी माझी. मी म्हनले आपुन करायची ती झोकात करायची. पहाटं उठून टपरी धुतली, झेंडूचं तोरन बांधलं, सगळ्या सुऱ्या कात्र्या पुसून मांडल्या. आन् मधी दगड. ह्ये त्याला नुसती इभूती लावायचे वाटतं, पान्यात कालवून, दगड पुसायच्या फडक्यावर डाग असायचा. मी मनात म्हनले, हा दगड आपल्याला पोसतो, आन् त्याला नुसती राख? आमच्या गावात बांधावरच्या देवाला कसं करतात, शेंदूर, तेलात कालवून, चांगला जाड. तसा लिंपला. वरनं, खालनं, चारी बाजूनं. वर पनती ठिवली, तेलाची. दिवसभर तेवत हुती, वाऱ्यानं तेल सांडत हुतं, मी आपली हात जोडून बसलेली. कसा लालभडक दिसत हुता, मला भरून आलं ओ. म्हनले बग बाबा, तुजी सेवा कुनी अशी केली नसंल.

हासा, हासा. आता मीबी हासते.

दसरा झाला, शेंदूर खरवडला, साबनानं धुतला, पान्यात टाकला. बुडबुडे आलेच न्हाईत. मला वाटलं असू दे. नरसम्माची कात्री घेतली आन् घासाय लागले तर आवाज न्हाय. चांगला दगड खर्र खर्र बोलतो, पातं धरतो, हितं पातं नुसतं घसरालंय, काचंवर फिरवावं तसं. मी जोर लावला. जास्त जोर लावला. दिली तशीच. तिसऱ्या दिवशी नरसम्मा आली ती हातात भिजलेलं पान घिऊन, टपरीसमोर उभी, चार मानसांत, पान कापून दावलं, कुटं कापतंय, नुसतं फाटालंय. म्हनली, म्हादेवी, काल माज्या बिड्या काढून टाकल्या कारखान्यात, सगळ्या बायांसमोर. तू आमच्यासंगं बसून बिड्या वळलीस ना गं, तुला कळाय नगं व्हय? मग आवाज खाली केला तिनं, ते जास्त लागलं मला. म्हनली, तुज्या नवऱ्याला बरं करायचं बग, ह्ये तुजं काम न्हवं. आन् गेली चाकवाल्याकडं. तिच्यामागं सगळी गल्ली गेली.

मी आट दिवस घरात सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर काय, बेडा, बंद कर. मी गुपचूप सोडा आनला, गरम पानी केलं, तारंच्या ब्रशनं घास घास घासला. वरनं सोच्छ दिसायचा, धार लावायला घेतला, जरा घासून ऊब आली की परत तेल वर. आत मुरलेलं ओ ते, दिवसभर पाजलेलं तेल. टपरीवर गिऱ्हाईक न्हाय, मी एकटी दगड घासत बसलेली, शेजारचा कव्हरवाला बगतोय. एक दिवस म्हनला, काकू, काकांनी परत बोलावलंय मला, सोमवारी किल्ली देतो म्हनले. मला न इचारता! मान हलवून, हातानं खुना करून का होईना, टपरी दिऊन मोकळे. माझं डोस्कंच फिरलं. फडक्यात दगड गुंडाळला आन् तशीच घरी गेले, ह्यांच्या मांडीवर ठिवला. म्हनले, किल्ली मग द्या, आदी ह्याला काय झालं ते सांगा.

ह्यांनी डाव्या हाताचा आंगठा फिरवला त्याच्यावर. उचलून नाकाशी धरला. माज्याकडं बगितलं. म्हनले, एण्णी. एण्णी म्हंजे तेल.

मग मी सगळं सांगितलं, शेंदूर, पनती, झेंडू, सगळं. मला वाटलं वरडतील. वरडले असते तर बरं झालं असतं. दगड गादीवर ठिवला आन् भिताडाकडं तोंड केलं. थोड्या वेळानं बगते तर खांदा हालालाय, रडत हुते. लगीन झाल्यापासनं मी त्यांना रडताना बगितलं न्हवतं, अंगावरनं वारं गेलं तवाबी न्हाय. मी म्हनले, अवो, रडा, पन उपाय सांगा. सोमवारला चार दिवस हायत. बेडा, म्हनले. मी म्हनले, तुमचं बेडा घाला चुलीत. तुमचा हात गेला, माजे दोन हायत. तुमी सांगनार नसाल तर मी माज्या मनानं करते, मोडला तर मोडला.

तर तिसऱ्यांदा इचारल्यावर म्हनले, बूदी. म्हंजे राख. आमच्या पान्याच्या बंबाची राख असते की, गार झालेली, ती बारीक चाळली, घमेल्यात दगड पुरला. आमी तेलकट भांडी नाहीतर कशानं घासायचो? राख तेल वडून घेती. रोज सकाळी काढायचा, राख काळी चिकट झालेली असायची, ती टाकायची, नवी भरायची. दोन दिवस. मग धुवून बगितला, वासबी गेला, पान्यात टाकला तर दोन बुडबुडे आले. दोनच. पन माज्या जिवात जीव आला. वरचा थर मात्र मेलेला, गुळगुळीत, आन् मी जोर लावून लावून मधी खळगा पाडलेला, त्याच्यावर सरळ पातं कसं टेकनार?

शनवारी मागच्या दारी शाहाबादी फरशी हाय आमच्या, तिच्यावर चाळलेली वाळू टाकली, पानी शिंपडलं आन् दगड पालथा घालून घासाय लागले. दगडावर दगड. बॅरलला पानी टीचभर ऱ्हायलेलं, नळ मंगळवारशिवाय येत न्हवता, तर गढूळ पानी घमेल्यात निवळायला ठिवायचं आन् वरचं परत वापरायचं. घासतेय, घासतेय, खांदा भरून आला. आन् आतनं आवाज आला. हळू घास. तेबी मराठीत! मला वाटलं भास झाला. परत आला, फिरव, एका जागी नको. म्हंजे पलंगावर पडून ह्ये आवाजावरनं वळखत हुते मी कसं घासतेय ते. मानसाला ऱ्हावंना. भित धरत धरत आले, उंबऱ्यावर बसले. पोरीची जुनी पेन्सिल मागितली, डाव्या हातानं दगडावर आडव्या उभ्या रेघा वडल्या, वाकड्यातिकड्या. म्हनले, घास. घासलं की उंच जागच्या रेघा जातात, खळग्यातल्या ऱ्हातात. मधल्या रेघा गेल्या न्हाईत तवर घासायचं, वाळू बारीक करत जायची, दगड उलटासुलटा फिरवायचा. मधल्या रेघा काय जाईनात. किती येळा रेघा वडल्या त्यांनी! वाळू बदलायची झाली की बोटानं खुनवायचे. शेवटी कडा मारून घेतल्या, धारदार कड असली की टवके उडतात. आन् मी शानी, धुतला आन् उनात ठिवायला निगाले, लवकर वाळंल म्हनून. ते हितलं ऊन, दसऱ्यानंतरबी चटके देतं. ह्ये असे वरडले, असे वरडले, शेजारीन धावत आली. तडकतो म्हने. सावलीत ठिवला. माज्यावर वरडले म्हनून मला इतकं बरं वाटलं, काय सांगू तुमाला.

रविवारी मी नरसम्माच्या दारात गेले. ती बोलंना. मी म्हनले, बोलू नको, कात्री दे. घरी न्हाय नेनार, तुज्या उंबऱ्यावर लावते, बरी न लागली तर परत तुज्या दारात येनार न्हाय. तितंच फतकल मारून बसले, दगड भिजवून नेलेला, सगळ्या बाया हातातलं काम सोडून बगायल्या. पयला हात फिरवला आन् खर्र आवाज आला, माजं मलाच रडू आलं पन रडले न्हाय, बायांसमोर कशाला. दोन्ही पाती झाली, खिळा घट्ट केला, दिली तिच्या हातात. तिनं सुपातलं पान घेतलं, कापलं. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. मग बिड्यांची पानं कापाय लागली भराभरा, जनू मी तितं न्हाईच. मी उठून आले घरी. मला कळंना झालं का न्हाय झालं.

सोमवारी सकाळी कव्हरवाला आला किल्लीला. मी च्या टाकलेला. ह्ये पलंगावर बसलेले, किल्ली त्यांच्या उशाला, रोज टपरी बंद केली की मी तितंच ठिवायची. आन् तेवढ्यात दारात नरसम्मा, हातात कापडी पिशवी, तिच्या मागं दोन बाया. पिशवी जमिनीवर उपडी केली, पंदरावीस कात्र्या, खळखळ. म्हनली, चाकावर लावल्या हुत्या, चार दिवस टिकल्या न्हाईत, आजच्या आज पायजेत. आन् ती बगत हुती ह्यांच्याकडं. सवय की इतक्या वर्सांची, धार म्हनलं की ह्यांच्याकडंच बगायचं. कव्हरवालाबी ह्यांच्याकडंच बगतोय, म्हनतोय, काका, किल्ली?

ह्यांनी किल्ली उचलली, डाव्या हातानं, आन् माज्याकडं धरली. आन् बोलले. वारं गेल्यापासनं इतकं लांब कदी बोलले न्हवते, दम लागत हुता, एकेक शब्द वडून काडत हुते. म्हनले, मला नगा इचारू. टपरी तिची हाय. दगड तिनं उठवलाय.

मी किल्ली घेतली. कव्हरवाल्याला म्हनले, च्या घिऊन जा. च्या पिला बिचारा आन् गेला, आजबी शेजारीच बसतो, माझा डबा आला न्हाय तर त्याच्यातलं देतो.

तर आता असं हाय. ह्ये रोज येतात, रिक्षानं, हितं स्टुलावर बसतात, गिऱ्हाइकाची कात्री डाव्या हातानं धरून उजेडाला लावून बगतात आन् मला सांगतात कुटं टोक बसलंय. भांडनंबी होतात. कानडीत होतात, गिऱ्हाइकाला कळत न्हाईत. दगड आता निम्म्यानं पातळ झालाय, दर पंदरा दिसाला फरशीवर घासायचा म्हनल्यावर झिजनारच. पोरी म्हनतात, आई, गुडघे दुकतात तुजे, किती दिवस करनार. मी म्हनते हा दगड सरंपातूर. आन् हा सरला तर दुसरा घेनार, अजून ताकद हाय की माज्या हातात.

बगा, ह्ये तुमच्याकडं बगून हसायलेत, तुमच्या पर्समधली छोटी कात्री दिसली त्यांना. द्या हिकडं. पैसे नगं, पयल्यांदा आलाय. घ्या, बोट लावू नका, कापंल. जावा आता, उन्हं वाढायलीत, डोक्यावर पदर घ्या, चांगलं होईल तुमचं.